मानेवरचा मळ

दर रविवारी मी माझ्या मुलीची मान घासत असे. आधी बेसन आणि दही, मग मसुरीच्या डाळीचं पीठ, मग लिंबाची फोड, आणि यातलं काहीच चालेना तेव्हा पार्लरमधला स्क्रब. तन्वी तेव्हा नऊ वर्षांची होती. मोरीत पाटावर बसायची, गुडघ्यांत डोकं घालायची आणि म्हणायची, "आई, हळू." मी म्हणायचे, "हळू करून निघत असतं तर काय हवं होतं? रोज नीट आंघोळ केलीस तर माझ्यावर ही वेळ येईल का?" एकदा ती फार हलली म्हणून हातातला प्लास्टिकचा मग तिच्या पाठीत मारला. फारसा लागला नसेल, पण मारला.

मी ब्युटिशियन आहे. परळच्या एका पार्लरमध्ये अकरा वर्षं काम करते. काळवंडलेल्या माना मी किती साफ केल्या असतील याची गणती नाही. लग्नसराईत तर 'मान आणि पाठ' असं एकत्रच सांगतात बायका. ब्लीच, पॅक, पॉलिश, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच मान तशीच काळी होऊन समोर हजर. मला त्यात कधी काही वाटलं नाही. गिऱ्हाईक परत येतंय, बरंच आहे की. पण माझ्या स्वतःच्या पोरीची मान काळी म्हणजे माझ्या हाताला बट्टा. चाळीतल्या बायका काय म्हणतील, हीच पार्लरवाली ना?

औषधांचं आणि आकड्यांचं डॉक्टर लोक लिहितात, ते मला जमणार नाही. मी फक्त माझं काय चुकलं ते लिहिते आहे. मान घासणाऱ्या आया मी एकटीच नसणार. त्यातल्या एकीचा जरी हात थांबला तरी पुष्कळ झालं.

*

पस्तिसाव्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. तन्वीनंतर आम्ही आशा सोडून दिली होती, त्यामुळे लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आनंदीआनंद होता. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी त्या दिवसापासून मला काही उचलू दिलं नाही आणि काही न खाता उठूही दिलं नाही. माझा नवरा संतोष जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये लिफ्टचं काम बघतो. तो मुळात कमी बोलतो, पण त्या दिवसांत कामावर जाता-येता शीळ घालायचा.

सहाव्या महिन्यात पालिकेच्या हॉस्पिटलात ग्लुकोजचं पाणी प्यायला बोलावलं. मे महिना होता, शाळेला सुट्टी, म्हणून तन्वीलाही बरोबर नेलं. ते पाणी एका दमात पी म्हणतात. पाणी कसलं, पाकच तो. पिऊन दोन तास बाकावर बसायचं आणि मग रक्त द्यायचं. माझ्या शेजारची बाई दोनदा ओकली. मला काही झालं नाही. मला वाटलं, चला, आपण पास.

रिपोर्ट घेऊन आत गेले. डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील, डोळ्यांखाली काळं आलेलं, मी पटकन तेच बघते. त्यांनी कागद बघितला, माझं ब्लडप्रेशर पुन्हा एकदा स्वतः घेतलं.

"शुगर आहे," त्या म्हणाल्या. "आणि प्रेशरही वरच्या बाजूला आहे. पहिल्या वेळी होती का शुगर?"

"थोडी होती," मी म्हटलं. "पण डिलिव्हरी झाली की जाते, असं सांगितलं होतं."

"बहुतेक वेळा जाते. गेली की नाही ते सहा आठवड्यांनी तपासायचं असतं. तपासलं होतं?"

"नाही."

"नऊ वर्षांत एकदाही?"

मी मान हलवली. नऊ वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनीही तपासायला सांगितलं असणार, कागदावर लिहिलेलंही असणार. मी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला होता आणि तोच सगळ्यांना सांगत फिरले होते. 'डिलिव्हरी झाली की जाते.' किती सोपं वाक्य आहे ते.

त्याच वेळी त्यांची नजर तन्वीकडे गेली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर वाकून माझ्या केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढत होती. वर बांधलेली पोनीटेल पुढे पडली होती.

"इकडे ये बघू बाळा," मॅडम म्हणाल्या. ती आली. त्यांनी तिचे केस बाजूला केले आणि मानेवरून हलकेच बोट फिरवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने म्हटलं, "मळ आहे हो तो मॅडम. दर रविवारी घासते मी. ही नीट आंघोळच करत नाही, किती सांगायचं."

"हा मळ नाहीये," मॅडम म्हणाल्या. "घासून जाणार नाही हा. आतून येतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीराला आपल्याच शुगरचा मेळ घालता येईनासा झाला की त्वचा अशी जाड आणि काळी पडते, मानेवर, काखेत. वजन वाढलेल्या मुलांमध्ये हल्ली सारखं दिसतं. पोटात असताना आईला शुगर असेल तर पुढे मुलांना जपावं लागतं. त्या सौम्यपणे बोलत होत्या, दोष देत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याही मानेवर आहे. ब्लीच करता का?"

मी कॉलर वर ओढली. अकरा वर्षं ज्या खरखरीत, जाडसर कातडीवरून माझी बोटं फिरत होती, ती काय होती ते मला त्या मिनिटाला कळलं. किती माना डोळ्यांसमोर आल्या. त्यातल्या एकीलाही मी म्हटलं नव्हतं, बाई, जरा रक्त तपासून घे. मी फक्त म्हटलं होतं, तीन सिटिंग लागतील.

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना तन्वीने विचारलं, "आई, म्हणजे मी अस्वच्छ नव्हते ना?"

मी म्हटलं, "चल लवकर, आजी जेवायची थांबली असेल."

*

तन्वी म्हणजे सडपातळ. मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव. जन्मली तेव्हाच चार किलोला थोडी कमी होती, सगळ्या वॉर्डमध्ये तिचंच कौतुक. काय बाळसं आहे, काय बाळसं आहे. दोन वर्षांची झाली, तरी बाळसंच. पाच वर्षांची झाली, तेव्हा गुटगुटीत. सातव्या वर्षापासून 'आमच्याकडे सगळी अशीच अंगापिंडाने'. शब्द बदलत गेले आणि फ्रॉकचे नंबर बदलत गेले. वर्गातली मुलं नावावरून काय चिडवायची ते तिने मला फार उशिरा सांगितलं, आणि मी इथे लिहिणार नाही.

आता तिच्या तपासण्या सुरू झाल्या. एकाच घरातल्या दोघींचे दोन केसपेपर. माझा एका मजल्यावर, तिचा दुसऱ्यावर. तिच्या कमरेला टेप लावली, दंडाला लहान मुलांचा पट्टा बांधून प्रेशर घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. शुगर अगदी सीमारेषेवर. प्रेशर वयाच्या मानाने जास्त. लिव्हरमध्ये चरबी.

सासूबाईंना हे शेवटचं काही केल्या पटेना. "लिव्हर बिघडता ता दारू पिणाऱ्यांचा," त्या म्हणाल्या. "आमच्या चेडवान काय केल्यान?"

"तिने नाही काही केलं, आई. आपण केलं."

"आपण म्हणजे मी, असाच ना?"

तसंच म्हणायचं होतं मला, खोटं कशाला बोलू. दुपारी शाळेतून आल्यावर बटर लावलेला पाव आणि साखरेचा चहा, संध्याकाळी चिवडा, झोपताना दूध. सगळं त्यांच्या हातचं. पण मी सकाळी नऊला घराबाहेर पडायचे ती रात्री आठला यायचे, आणि येताना मीही दमल्याची भरपाई म्हणून वडे, वेफर, काहीतरी आणायचेच. तिला गप्प करायला मोबाइल मी दिला होता. सासूबाईंवर ढकलायला मला सोपं पडत होतं इतकंच.

सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात दोन वेळा पेज असायची. संतोष तेव्हा लहान. त्यामुळे ताटात काही उरलं तर सासूबाईंना अपमान वाटतो आणि मूल 'नको' म्हणालं तर काळजी वाटते. हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरीही महिनाभर आम्ही दोघी एकमेकींशी फक्त 'भात झाला', 'कुकर उतरवा' एवढंच बोललो. प्रेशरमुळे मीठ कमी करायचं म्हणून पापड, लोणचं, सुकट सगळं बंद झालं. सुकटीशिवाय जेवायचं म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीने सुतकच. संतोष मध्ये बसून भाजी चिवडायचा. त्याची शीळ थांबली होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं की नाही यावरून पुन्हा वाद झाला. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, माझ्या घरात असं झालेलं नाही. शेवटी केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, मजल्यावरच्या दहा-बारा बायका. दोन झाकलेल्या वाट्या समोर आल्या, एकीत बर्फी आणि एकीत पेढा, असा तो खेळ. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळ्यांच्या देखत तोंडात कोंबणार. उजवीकडची वाटी उघडली तर आत काकडीचा तुकडा. दुसरीत गाजर.

बायका खूप हसल्या. सासूबाई अजिबात हसल्या नाहीत. "तन्वीन शपथ घातल्यान," त्या म्हणाल्या. "पेढो घरात आणूक नाय."

त्या काकडीएवढं गोड मी त्या नऊ महिन्यांत काही खाल्लं नाही. तन्वी मात्र माझ्यापासून चार हात लांब उभी होती. त्या मे महिन्यापासून तिने पोनीटेल बांधणं सोडलं होतं. केस मोकळे ठेवायची, मानेवर. विंचरायला माझ्याकडे येत नसे. रविवारी मोरीचं दार आतून लावून घ्यायची.

*

पथ्याने माझी शुगर आवरेना तेव्हा इन्सुलिन सुरू केलं आणि डोस बसवायला आठव्या महिन्यात वॉर्डात दाखल करून घेतलं. आठ दिवस म्हणाले, अकरा झाले.

वॉर्डातला दिवस बोटाने सुरू होतो. सकाळी सहाला सिस्टर सुई घेऊन हजर. चहा बिनसाखरेचा. मग पोटात इंजेक्शन. नाश्ता झाला की दोन तासांनी पुन्हा बोट. जेवणाआधी बोट, जेवणानंतर बोट. चार दिवसांत बोटांची चाळण झाली. थ्रेडिंगचा दोरा पुढे धरता येईल की नाही, या विचाराने मी घाबरले होते. दुसरी भीती जास्त वेडगळ होती. पोटात टोचलेली सुई बाळाला लागणार तर नाही? चौथ्या दिवशी धीर करून सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळ फार आत आहे हो. मध्ये तुमचीच तटबंदी आहे की केवढी." मला हसू आलं आणि मग रडूही आलं. त्या थांबल्या नाहीत, पण पुढच्या खेपेला त्यांनी न मागता उशाला दुसरी उशी आणून दिली.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके ऐकवायचे. ते मशीन सुरू झालं की सगळा वॉर्ड गप्प होतो. जी ती दुसरीच्या बाळाचे ठोके मोजते. माझं एकदा पाच मिनिटं नीट लागेना. त्या पाच मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवत नाही. बाळ कूस बदलून झोपलं होतं इतकंच.

शेजारच्या खाटेवर कॉटन ग्रीनची सीमा होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, तिलाही शुगर. मी पार्लरवाली आहे हे कळल्यावर ती उठून जवळ आली.

"ताई, ही मान बघा ना जरा. किती काळी झालीय. काय लावू?"

मी तिची मान बघितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, "काही लावू नकोस. डॉक्टरांना दाखव. हा मळ नाही."

बोलून मी वर बघितलं तर भेटीची वेळ झालेली, आणि तन्वी डबा घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी. संतोष खाली पास दाखवत होता. तिने सगळं ऐकलं होतं.

सीमा तिच्या खाटेवर गेली. तन्वीने डबा ठेवला. मी म्हटलं, "तन्वी, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

ती साळसूदपणे विचारत नव्हती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "तुझी मान घासली त्याबद्दल. तू अस्वच्छ नव्हतीस. मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही मी तुला सांगितलं नाही."

"एकदा तो प्लास्टिकचा मग पण मारलेलास."

"हो. मारला होता."

तिने जरा विचार केला. "बरं," म्हणाली. मग माझ्या ताटातली काकडी उचलून खाल्ली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

*

सदतिसाव्या आठवड्यात प्रेशर चढलं, डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले आणि त्याच दुपारी सिझेरियन झालं. मुलगा. चार किलो. बाहेर आल्यावर त्याची स्वतःची शुगर एकदम खाली गेली म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवला. मी व्हीलचेअरवरून जाऊन काचेतून बघायचे. एवढासा तळपाय, आणि त्याच्या टाचेलाही सुईच्या खुणा. वॉर्डातली मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काय बाळसं आहे गं." ती चांगल्या मनाने म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी इन्सुलिन बंद झालं. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणाली, "सुटलीस." मलाही तसंच वाटलं. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर मॅडमनी कागदावर लाल पेनाने अधोरेखित केलं, सहा आठवड्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन रक्त तपासणे. मी म्हटलं, "हो मॅडम, यावेळी नक्की."

सहा आठवड्यांनी बाळाला सर्दी झाली होती. सातव्या आठवड्यात सासूबाईंचा गुडघा धरला. आठव्यात बाळाचं इंजेक्शन होतं, दोन दिवस ताप. त्यानंतर कारणही लागेना. टाके ओढायचे, झोप तुकड्यातुकड्यांची, अंगावर पाजणं, तन्वीची शाळा, तिचा वेगळा डबा. दुसऱ्यांचं सगळं करून माझी पाळी यायची तेव्हा मी भिंतीला टेकून बसलेली असायचे. दोन तास एखाद्या बाकावर जाऊन बसायचं हा विचारच मला चढणीसारखा वाटायचा. आणि खरं सांगायचं तर मला तो कागद पुन्हा बघायचा नव्हता.

तन्वीचं चालू होतं. डब्यात मुगाची उसळ, घावन, काकडी. संध्याकाळी बापाबरोबर चालत चिंचपोकळी स्टेशनपर्यंत जायचं आणि यायचं. मीही येईन म्हणून कबूल केलं होतं, टाके भरले की. वजन झरझर उतरलं वगैरे काही झालं नाही. पहिल्या महिन्यात एक किलो, दुसऱ्यात काहीच नाही. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक नको म्हणून आली आणि घरी येऊन कपाटाआड बसून रडली. दुसऱ्या दिवशी आजीने चोरून दिलेली शंकरपाळी खाल्ली आणि ते स्वतःच येऊन मला सांगितलं. मी रागावले नाही. रागवायला अंगात जोर नव्हता.

*

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा तन्वीच्या तपासणीची वेळ आली. तिला उपाशीपोटी न्यायचं होतं. बाळाला कडेवर घेऊन मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. रक्त घेणाऱ्या बाईंनी नाव पुकारलं. तन्वी उठली नाही.

"चल गं, भूक लागली असेल तुला."

"तुझं कधी आहे?" तिने विचारलं.

"माझं काय?"

"टेस्ट. तुझ्या कागदावर लाल पेनने लिहिलंय. मी वाचलंय. सहा आठवडे."

"माझी गेली शुगर," मी म्हटलं. "डिलिव्हरी झाली की जाते."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती. गणित चुकलेल्या मुलाकडे बाई बघतात तशी बघत होती.

"माझ्या वेळी पण तू असंच म्हणालेलीस ना?"

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं बसली होती. मला त्यांच्यातलं कोणी दिसेना. मी म्हटलं, "मी सकाळी चहा घेतलाय गं. आज नाही होणार."

"मग उद्या येऊ. दोघी उपाशी." आणि ती उठून खिडकीशी गेली, रक्त घेणाऱ्या बाईंना म्हणाली, "मावशी, आम्ही उद्या येतो. माझ्या आईचं पण आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी उपाशी गेलो. सासूबाई बाळाला घेऊन बरोबर आल्या. आधी माझा हात पुढे केला, मग तन्वीने तिचा. मग मी ते पाणी प्यायले आणि दोन तास त्याच बाकावर बसले. तन्वीने तोपर्यंत आजीने आणलेलं घावन खाल्लं.

तिचा आकडा सीमारेषेच्या थोडा अलीकडे सरकला आहे. थोडाच, पण डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. माझी शुगर गेलेली नाही. बहुधा नऊ वर्षांत कधी गेलेलीच नव्हती. मला आता रोजची गोळी आहे आणि प्रेशरची दुसरी.

ते ऐकून मी रडले नाही. तन्वी रडली. सुया टोचल्या तेव्हा नाही, वर्गात चिडवलं तेव्हा माझ्यासमोर नाही, आणि इथे सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन. मी तिला बाजूला घेतलं.

"मला काही होणार नाही," मी म्हटलं. "गोळ्या आहेत. पथ्य आहे."

"आणि चालायला येणार?"

"येणार."

"रोज?"

पाठ दुखत होती, दूध भरून आलं होतं, सासूबाईंच्या मांडीवर बाळ किंचाळत होतं. "रोज," मी म्हटलं.

याला दीड महिना झाला. आजवर चार दिवस माझे चुकले. अंगात त्राण नव्हतं, उठवेना. त्या चारही दिवशी तन्वी चप्पल घालून अर्धा अर्धा तास दारात उभी होती.